देव हरवला तरी देऊळ राहते
(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही, म्हणून लिहून आणले आहे. मंडळाने मला विषय दिला 'देऊळ आणि कविता'. चार गोड गोष्टी सांगून खाली बसावे, असे आधी मनात होते. पण तुमच्यासमोर खोटे बोलवत नाही. म्हणून पहिल्याने एक कबुली देते.

नऊ वर्षांपूर्वी माझा धाकटा मुलगा तापाने गेला. आठ वर्षांचा होता. त्याच्या दुखण्यात मी मारुतीला नवस बोलले, उपास धरले, अनवाणी प्रदक्षिणा घातल्या. तो गेला आणि माझ्या मनातून देवही गेला. तुमच्या घरी भजनाला येत होते, टाळ धरत होते, पण नुसते ओठ हलत होते. सासूबाईंना ते कळले होते. त्या काही बोलल्या नाहीत. तीन वर्षे मी देवळाची पायरी चढले नाही.

मग रोवणीच्या दिवसांत एकदा चक्कीवरून दळण घेऊन येताना जोराची सर आली. पीठ भिजेल म्हणून देवळात शिरले. आत कोणी नव्हते. डबा खांबाशी ठेवला आणि बसले. हात जोडले नाहीत, काही मागितले नाही. घरात सगळ्यांचे पाहताना मला मोकळेपणी रडता आले नव्हते, ते तिथे रडले. पाऊस थांबला तरी उठावेसे वाटेना. तेव्हापासून अधूनमधून जाते. श्रद्धा परत आली का म्हणाल, तर नाही. मग मी का जाते, हे माझे मलाच उमगत नव्हते.

ते थोडे उमगले कवितेमुळे. माझी मुलगी कॉलेजात शिकते. तिने मला कुसुमाग्रजांची 'गाभारा' ही कविता वाचून दाखवली. त्या देवळात सोनेचांदी सर्व आहे, फक्त देव नाही. दाराशी आलेल्या एका महारोग्याच्या हाकेने तो बाहेर निघून गेला आहे. ऐकून मी दचकलेच. हे कवी नाशिकचे. तिथले काळाराम मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३० साली सत्याग्रह सुरू केला. १९३२ साली, ऐन विशीत, कुसुमाग्रज त्या सत्याग्रहात सामील झाले होते. दुसऱ्यांसाठी देवळाचे दार उघडावे म्हणून जो उभा राहिला, त्यानेच पुढे रिकामा गाभारा दाखवला. पण भगिनींनो, देव नाही हे सांगायलाही कवी आपल्याला देवळातच घेऊन गेला!

मुलीने मग एका इंग्रज कवीची गोष्ट सांगितली. त्याचे नाव फिलिप लार्किन. त्याची ही कविता १९५५ साली पुस्तकात आली. एक माणूस सायकलवरून जाता जाता रिकाम्या चर्चमध्ये डोकावतो. त्याची श्रद्धा नाही. डोक्यावर टोपीही नाही. मग मान राखायला काय काढावे, तर विजारीला लावलेले सायकलचे चिमटे काढतो! इथे थांबण्यासारखे काही नव्हते, असे म्हणतो आणि तरी वरचेवर थांबतो. जन्म, लग्न आणि मरण या तिन्ही गोष्टी जिथे माणसांनी एकत्र आणल्या, त्या जागी माणूस गंभीर व्हायला येतच राहणार, असे त्याला शेवटी वाटते. मला वाटले, त्याचे चिमटे तसा माझा दळणाचा डबा.

लांब कशाला, आपल्या पवनीला पाहा. १९६९-७० साली तिथली जगन्नाथ टेकडी खणली, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप निघाला. टेकडीला नाव जगन्नाथाचे आणि पोटात स्तूप बुद्धाचा. उपासना बदलल्या, जागेची ओढ राहिली.

आता माझे मागणे. चोरीच्या भीतीने हल्ली आपल्या वस्तीतले देऊळ दुपारी कुलपात असते. पुरुषमाणसांना बसायला पार आहे, चहाचे दुकान आहे. सुनेला दुपारी घटकाभर एकटे बसायला जागा कोणती? मंडळाने पाळी लावून बारा ते चार देऊळ उघडे ठेवावे. जी येईल तिला जात विचारू नये, सवाष्ण की विधवा हे विचारू नये आणि देव मानतेस का, हेही विचारू नये. काळारामाच्या दाराशी उभे राहिलेल्यांनी तरी दुसरे काय मागितले होते? दार उघडा, एवढेच.

सोमवारची पाळी माझ्याकडे लावा. किल्ली मी घेईन.