बैठक बदलताना



मोटारसायकलला आपल्या भाषेने फार पूर्वीच 'फटफटी' असे नाव देऊन टाकले. ज्याने हे नाव ठेवले त्याने ते यंत्र डोळ्यांनी पाहण्याआधी कानांनी ऐकले असावे. एकच मोठा सिलिंडर, सावकाश चालणारा, ज्याचा प्रत्येक ठोका मोजता येईल असा. त्या ठोक्यांतून हा शब्द निघाला. १९५५ साली मद्रासेत एनफिल्ड कंपनी उभी राहिली, आणि तिची बुलेट लष्करातून व पोलिसांतून गावोगावच्या रस्त्यांवर आली, तेव्हा त्या शब्दाला जणू राजमान्यताच मिळाली. आज त्याच घराण्यातील, पण अधिक ऐसपैस बैठकीच्या गाड्यांना क्रूझर म्हणतात. दुसऱ्या बाजूस मात्र अशी एक जात बाजारात आली आहे की, तिला फटफटी म्हणणे कानांना पटतच नाही. ती फटफटत नाही, किंचाळते. तिला स्पोर्ट बाइक हे नाव आहे.

पहिल्या जातीची गाडी सोडून दुसऱ्या जातीची गाडी घेणाऱ्यांविषयी आज आपल्याशी बोलावयाचे आहे. हे लोक बहुधा दोन वयांचे असतात. एक, वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या गाडीवर हात बसवून पहिल्या पगारात स्वतःची गाडी घेणारे तरुण. आणि दुसरे, चाळिशी ओलांडलेले माझ्यासारखे गृहस्थ. तरुणांना लोक उपदेश करतात. आम्हांला उपदेश कोणी करीत नाही, नुसते हसतात. शिक्षकांच्या खोलीत मी हेल्मेट काढून ठेवले की आमचे चित्रकलेचे सर हटकून विचारतात, "काय, आज शर्यत कोणाशी होती?"

या दोन्ही गाड्यांची घडण रस्त्यांनी केली आहे. अमेरिकेतील लांबच लांब, सरळ रस्ते. वळण कोसन् कोस येत नाही. अशा रस्त्यावर स्वाराला हवी असते आरामखुर्ची. म्हणून बैठक खाली, पाय पुढे, हँडल छातीच्या उंचीवर आणि पाठ ताठ. इंग्लंडात प्रकार निराळा. तेथे दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण मुले लंडनच्या एस कॅफेसारख्या उपाहारगृहांतून जमत आणि आपापल्या साध्या मोटारसायकलींना खाली वाकलेली हँडले लावून, पायांची जागा मागे सरकवून, शर्यतीच्या गाडीचे सोंग देत. पुढे कारखान्यांनीच हे सोंग खरे केले. १९८५ साली सुझुकीने जीएसएक्स-आर ७५० ही गाडी आणली आणि शर्यतीच्या मैदानावरील घडण जवळजवळ तशीच रस्त्यावर उतरली. आपल्या देशात सामान्य पगारदाराच्या आवाक्यात हा प्रकार प्रथम आला तो २००८ साली, यामाहाच्या आर १५ या गाडीने. आता तर पुण्याजवळच्या चाकणला आणि तमिळनाडूतील होसूरला या जातीच्या गाड्या तयार होतात.

उदाहरणादाखल दोन गाड्या समोरासमोर ठेवू. कोणाची जाहिरात करण्याचा हेतू नाही. आपल्या रस्त्यांवर त्या नेहमी दिसतात एवढेच. एक रॉयल एनफिल्डची मिटिऑर ३५० आणि दुसरी यामाहाची आर १५, तिची २०२१ साली आलेली चौथी आवृत्ती. पहिलीचे इंजिन ३४९ सीसीचे, दुसरीचे १५५ सीसीचे, म्हणजे निम्म्याहूनही लहान. असे असून शक्ती पाहावी तर पहिलीची सुमारे २० अश्वशक्ती आणि दुसरीची सुमारे १८. ही जादू नव्हे. मिटिऑर ती शक्ती मिनिटाला ६,१०० फेऱ्यांवर देते, आर १५ ला त्यासाठी १०,००० फेऱ्या घ्याव्या लागतात. मी वर्गात याला हमालांचा दाखला देतो. एक हमाल भरलेले पोते पाठीवर घेऊन संथपणे चालतो. दुसरा निम्मे पोते घेतो, पण पळतपळत दुप्पट खेपा करतो. संध्याकाळी गोदामात धान्य जवळपास सारखेच पडते. पण दुसऱ्या हमालाला चालावयास लावले तर?

नेमके तेच होते. क्रूझरवरून आलेला माणूस सवयीने तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी संथ नेऊ पाहतो आणि गाडी मलूल होते. "एवढे पैसे देऊन पिकअपच नाही," ही तक्रार मी किती जणांच्या तोंडून ऐकली! पिकअप आहे, तो काट्याच्या वरच्या अर्ध्या भागात आहे. खडेबाजारातल्या गर्दीत एखादी जुनी क्रूझर दुसऱ्या गिअरमध्ये क्लचला हात न लावता सरकत राहते. स्पोर्ट बाइकला मात्र तिथे पहिला गिअर, अर्धा क्लच आणि पुष्कळ सहनशीलता लागते. त्यातून तिचे हँडल फार कमी वळते. अरुंद गल्लीत परत फिरावयाचे तर उतरून ढकलणे हाच शहाणपणा. ज्याचे सारे आयुष्य बाजारपेठेत आणि रेल्वे फाटकाशी उभे राहण्यात जावयाचे आहे, त्याने ही गाडी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बैठकीचे पाहू, कारण अंग दुखते ते तिच्यामुळे. मिटिऑरची सीट जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर आहे, आर १५ ची ८१५ वर. उंचीचा फरक बोटांत मोजण्याइतका. पण पहिलीवर माणूस 'बसतो' आणि दुसरीवर 'ओणवतो'. हँडल खाली गेल्यामुळे धडाचा भार मनगटांवर येतो. पहिल्या पंधरवड्यात मनगटे, मान आणि पाठीचा खालचा भाग असा तक्रार करतो की, गाडी परत करावी असे वाटू लागते. येथे आपल्या भाषेतलाच एक जुना शब्द उपयोगी पडतो. घोडेस्वारीत 'मांड' म्हणतात ती हीच. कसलेला स्वार लगामाला लोंबकळत नाही. मांड्यांनी घोड्याला धरून ठेवतो आणि हात मोकळे ठेवतो. स्पोर्ट बाइकची पेट्रोलची टाकी गुडघ्यांच्या जागी आत दबलेली असते ती याचसाठी. गुडघ्यांनी टाकी धरली, पोट किंचित आवळले की मनगटांवरचा भार उतरतो. हे समजले की निम्मे दुखणे जाते. उरलेले निम्मे वयाचे असते. त्याला इलाज नाही.

तथापि अंगदुखीपेक्षा गंभीर गोष्ट वेगळीच आहे. १९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांचा मोटारसायकल अपघातांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. नऊशेंहून अधिक अपघातांच्या जागी प्रत्यक्ष जाऊन त्यांच्या मंडळींनी तपास केला होता. त्या अहवालातील एक निष्कर्ष मला फार विचार करावयास लावतो. अपघातात सापडलेल्या स्वारांचा रस्त्यावरचा एकूण अनुभव सुमारे तीन वर्षांचा होता. पण त्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना ती विशिष्ट गाडी हाती येऊन पाच महिनेही झाले नव्हते. म्हणजे माणूस नवशिका नव्हता, त्याची त्या गाडीशी ओळख नवी होती. अनुभव होता, पण तो दुसऱ्याच गाडीचा. त्याच अहवालात पुढे असेही आढळते की, संकट समोर आल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक अतोनात दाबून मागचे चाक घसरविले आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

हा अहवाल दूरदेशीचा आणि जुना असला तरी त्यातील गोष्ट मी आमच्या गावात पाहिली आहे. माझा एक माजी विद्यार्थी, क्रूझरवर चार वर्षे घाट चढ-उतर केलेला. त्याने जुन्या बाजारातून एक स्पोर्ट बाइक घेतली. आपल्याकडे १२५ सीसीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक अडकू न देणारी ब्रेकची व्यवस्था, एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. त्याची गाडी त्याआधीची होती. पहिल्याच पावसात एका वळणावर समोर म्हैस आली. त्याचा उजवा पाय, चार वर्षांच्या सवयीप्रमाणे, पूर्ण जोराने खाली गेला. क्रूझर लांब आणि बुटकी असते, भाराचा मोठा हिस्सा मागच्या चाकावर राहतो, म्हणून तिथे हा पाय चालून जातो. स्पोर्ट बाइक आखूड आणि उंच. ब्रेक लागताच भार पुढे धावतो, मागचे चाक हलके होते आणि जरा जोर झाला की सुटते. खांद्याजवळचे हाड मोडले, दोन महिने नोकरी गेली. त्याला भेटावयास गेलो तेव्हा त्याची आई म्हणाली, "सर, त्याला गाडी येत होती हो." येत होतीच. हेच तर समजावून सांगणे कठीण आहे.

म्हणून गाडी बदलणाऱ्याने पहिले काम हे करावे: रविवारी सकाळी एखादे मोकळे पटांगण गाठावे आणि पुढच्या ब्रेकची तालीम करावी. एकदम आवळावयाचा नाही. प्रथम हलका दाब, भार पुढच्या चाकावर बसला की मग वाढता दाब. वीसच्या वेगाने, मग तीसच्या, मग चाळीसच्या. बोटांना ते कळेपर्यंत. वेग चाळीसचा साठ झाला की थांबण्यास लागणारे अंतर दीडपट नव्हे, सव्वादोनपट होते, हे गणित आठवीच्या मुलालाही करता येते. पण ते बोटांनी शिकलेले बरे.

दुसरी गोष्ट वळण्याची. विमानाचा शोध लावणारे राइट बंधू मुळात सायकलींचे दुकानदार. त्यांच्यापैकी विल्बर राइट यांनी एक चमत्कारिक गोष्ट हेरली होती: डावीकडे वळावयाचे असता सायकलस्वार प्रथम हँडल क्षणभर उजवीकडे नेतो, आणि हे आपण करतो याचा त्याला पत्ताही नसतो. मोटारसायकलीचेही तसेच. डावीकडे झुकावयाचे तर डावे हँडल पुढे ढकलावे. क्रूझरचा पुढचा चिमटा अधिक तिरपा असतो, गाडी लांब असते. ती हे ढकलणे सावकाश मानते. स्पोर्ट बाइकचा चिमटा उभा, आर १५ चे वजन १४२ किलो, मिटिऑरचे १९१. ती विचार मनात येताच वळते. नव्या स्वाराला पहिले काही दिवस ती वळणावर आतल्या बाजूस पडते आहे असे भासते. शिवाय क्रूझर जास्त झुकली की तिचे फूटरेस्ट जमिनीला घासून "पुरे" असे सांगते. स्पोर्ट बाइकचे फूटरेस्ट उंच आणि मागे. तिच्याकडून अशी सूचना फार उशिरा येते, ओल्या रस्त्यावर तर बहुधा येतच नाही.

वेगाचेही तेच. क्रूझरवर ऐंशीच्या वेगाला वारा छातीवर धक्के देतो, इंजिन पायांना थरथरून सांगते. स्पोर्ट बाइकवर काचेमागे वाकून बसलेल्याला ऐंशी म्हणजे साठ वाटतात. काट्याकडे पाहिले की दचकायला होते. माझ्या मते या गाडीचा सर्वांत मोठा धोका तिच्या वेगात नसून तो वेग अंगाला न कळण्यात आहे.

बेळगावहून गोव्यास जाणारा चोर्ला घाट पुष्कळांनी पाहिला असेल. जांबोटी, कणकुंबी, मग घाट, खाली केरी आणि साखळी. कणकुंबीला मलप्रभेचा उगम. तिथला पाऊस आणि धुके यांविषयी सांगावयास नको. हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी या घाटात स्पोर्ट बाइक काय आहे ते कळते. एका वळणातून दुसऱ्या वळणात ती अशी जाते की, सुताराचा रंधा चांगल्या लाकडावरून जावा. तो आनंद खरा आहे आणि मी तो नाकारणार नाही. गाडीला आशीर्वाद देताना आमचे फादरही दोनदा तिच्याभोवती फिरले. पण पावसाळ्यात त्याच वळणांवर खडी, शेवाळ आणि चिखल असतो. मी हर्ट यांच्या अहवालावरून स्वतःपुरता नियम केला: पहिले पाच महिने पावसात घाट नाही आणि मागे कोणास बसविणे नाही.

या नियमाचा दुसरा अर्धा भाग घरात गाजला. क्रूझरच्या मागच्या सीटवर माझी पत्नी नऊ वर्षे बसत आली. रविवारची मिस्सा, बाजार, नाताळात गोव्याला तिच्या आईकडे, सारे डबलसीट. स्पोर्ट बाइकची मागची सीट म्हणजे तळहाताएवढी गादी, तीही स्वाराच्या खांद्याइतकी उंच. साडी नेसून तिथे चढणे ही कसरतच. पाच महिने संपल्यावर ती एकदा बसली, चर्चपर्यंत. उतरल्यावर म्हणाली, "यापेक्षा रिक्षा बरी." मागच्या डिसेंबरात ती चोर्ल्याच्या बसने गेली, मी गाडीवरून. मी आधी पोहोचलो आणि साखळीच्या स्टँडवर बसची वाट पाहत उभा राहिलो. घाट सुरेख झाला होता. ती उतरली तेव्हा तिने घाटाविषयी काही विचारले नाही. पुढच्या वर्षी दोघांनी कसे यावयाचे, एवढेच विचारले.

म्हणून जुनी गाडी अजून दारात उभी आहे. गिऱ्हाईक दोनदा येऊन गेले, भावही ठरला. दोन्ही गाड्या दीडशे ते साडेतीनशे सीसी या एकाच गटात बसत असल्याने तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा हप्ता दोन्हींना सारखाच पडतो, आणि शिक्षकाच्या पगारात तो दोनदा भरणे जड जाते. मालकी बदलण्याचे २९ आणि ३० क्रमांकाचे फॉर्म मी भरून ठेवले आहेत. सही करण्यापूर्वी घरी एकदा विचारावयाचे आहे.