वास्तुरचना आणि समाजधर्म : धाराशिव जिल्ह्याचा धडा
(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा लिखित आशय)



कोणत्याही न्यासाच्या पन्नास वर्षांचा आढावा घेतला जातो तेव्हा त्यात वास्तूंची नोंद अग्रभागी असते. मंदिराचा जीर्णोद्धार, धर्मशाळा, प्रवचन सभागृह, विद्यार्थी वसतिगृह अशा प्रत्येक कामाची तारीख, खर्च आणि दानशूर कुटुंबांची नावे संगमरवरी फलकावर कोरलेली असतात. परंतु त्या वास्तूत वयोवृद्ध श्राविकेला जिना चढता येतो काय, उन्हाळ्यात तेथे पाणी पुरते काय, भूकंप झाला तर ती उभी राहील काय, या प्रश्नांची उत्तरे फलकावर नसतात. वास्तुशास्त्राचा जो विद्यार्थी पर्यावरण आणि समाज यांना केंद्रस्थानी ठेवून विचार करतो, तो याच प्रश्नांपासून आरंभ करतो. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या अखेरीस त्याला एक प्रबंध सिद्ध करावा लागतो. अशा विद्यार्थ्याने धाराशिव जिल्हा हे आपले अभ्यासक्षेत्र निवडले, तर या भूमीकडून त्याला काय शिकता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला धडा तेर येथे मिळतो. प्राचीन काळी तगर नावाने ओळखली जाणारी ही व्यापारी नगरी. येथील त्रिविक्रम मंदिर विटांचे असून त्याचे छत गजपृष्ठाकार आहे. तेरच्या प्राचीन विटा पाण्यावर तरंगण्याइतक्या हलक्या असल्याची ख्याती आहे. मातीत कोंड्यासारखे जळून जाणारे द्रव्य मिसळून वीट भाजली, की आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. वास्तूचा माथा हलका असावा, हे बांधकामाचे मर्म या परिसरातील कारागिरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते, असा याचा अर्थ. धाराशिवच्या लेण्यांत तर बाहेरून काहीच आणलेले नाही. डोंगर कोरून निवास सिद्ध केला आहे. मुनी कनकामर यांच्या ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यात तेरापूरनजीकच्या लेण्यांची कथा येते, म्हणून जैन समाजाला हे स्थान विशेष जिव्हाळ्याचे आहे.

दुसरा धडा मात्र वेदनेचा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. जैन घरांत दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती. लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे काही क्षणांत गाडली गेली. सास्तूर, होळी, पेठसांगवी ही गावे या जिल्ह्यातलीच. भूकंपाची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान होती. एवढ्या तीव्रतेचे भूकंप इतर देशांतही होतात. पण तेथे दर वेळी एवढी मनुष्यहानी होत नाही. मग येथे ती का झाली?

उत्तर घरांच्या बांधणीत होते. दोन ते तीन फूट जाडीच्या दगडी भिंती मातीच्या गाऱ्यात रचलेल्या असत. बाहेरून त्या भक्कम दिसत. प्रत्यक्षात आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर असत आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असे. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे, भिंतीच्या आरपार जाणारे दगड फारसे नसत. वर पांढऱ्या मातीचे माळवद. उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याचा तो उत्तम उपाय होता. पण गळती थांबावी म्हणून पावसाळ्यापूर्वी नवा थर पडत राही आणि पिढ्यान्‌पिढ्या माथ्यावरचे ओझे वाढत जाई. दोन फूट जाडीच्या मातीचे वजन एका चौरस मीटरला सुमारे एक टन भरते. जमीन हलताच भिंतीचे पदर सुटले आणि हे ओझे झोपलेल्या माणसांवर कोसळले. याउलट, ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांब आणि तुळयांवर तोललेला होता, तेथे पुष्कळदा भिंती ढासळूनही लाकडी सांगाडा उभा राहिला.

विद्यार्थ्याने हे सूक्ष्मपणे समजून घ्यावे. दोष दगडाचा नव्हता, बांधणीचा होता. भूकंपानंतर दगडाविषयी एवढी भीती बसली, की पुष्कळ कुटुंबांनी पत्र्याच्या छपराखाली राहणे पसंत केले आणि उन्हाळ्याची काहिली सोसली. जुने ते सर्व सोने म्हणणे जितके घातक, तितकेच जुने ते सर्व टाकाऊ म्हणणेही महागात पडते. १९९३ पूर्वी हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या विभागात गणला जात होता; २००२ च्या सुधारित नकाशात तो तिसऱ्या विभागात आला. म्हणजे येथे बांधावयाच्या प्रत्येक सार्वजनिक वास्तूला हा हिशेब चुकवता येणार नाही.

तिसरा धडा पुनर्वसनाचा. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने हाती घेतलेले हे कार्य प्रचंड होते. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली. जमीनधारणेनुसार २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरे देण्यात आली. हेतू उदात्त होता आणि घरे सुरक्षित झाली, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु जुन्या गावात वेस होती, पार होता, भाऊबंदांची एकमेकांना लागून असलेली घरे होती, मधल्या चौकात सावली होती. नव्या गावांत शहरी वसाहतीप्रमाणे सरळ रुंद रस्ते आणि सुटी घरे आली. अनेक ठिकाणी घराच्या आकारमानाप्रमाणे रांगा पडल्या, त्यामुळे शेजार तुटला, शेत दूर गेले. जनावरे कोठे बांधावी, कडबा कोठे रचावा, हा प्रश्न उरला. नकाशा काढणाऱ्याने घर मोजले होते. घरातला दिवस मोजला नव्हता.

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू अधिक आशादायक आहे. ज्या गावांचे स्थलांतर झाले नाही, तेथे घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण कुटुंबांनी स्वतः करावयाचे होते. पैसा टप्प्याटप्प्याने मिळे, साहित्य आणि गवंडी कुटुंबाने पाहावयाचे. या कामात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. ज्या भगिनी पूर्वी ग्रामसभेत बोलत नव्हत्या, त्या सिमेंटचे प्रमाण, भिंतीतील सळईचा पट्टा आणि आरपार दगड यांविषयी गवंड्याला प्रश्न विचारू लागल्या. २००१ च्या गुजरात भूकंपानंतर याच भागातील महिला आपला अनुभव सांगावयास कच्छमध्ये गेल्या. ज्याला घरात राहावयाचे आहे त्याला ते घर कसे उभे राहते हे समजले, तर वास्तू टिकते. हे या जिल्ह्याने देशाला दाखवून दिले.

समाजानेही या संकटात आपला वाटा उचलला. शांतिलाल मुथा यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे बाराशे मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी पुण्यात स्वीकारली. मदत पोहोचवताना जात-पंथ पाहिला गेला नाही. समाजकेंद्री वास्तुरचनेतील ‘समाज’ हा शब्द एवढ्याच व्यापक अर्थाने घ्यावयास हवा.

आता विद्यार्थ्याच्या कार्यपद्धतीकडे वळू. लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज, पण केरळला आपले मानलेल्या वास्तुविशारदाने स्थानिक वीट, चुना आणि कारागीर यांच्या बळावर सामान्यांची घरे उभारली. घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातून मिळावे, हा महात्माजींचा विचार त्यांनी आयुष्यभर जपला. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत दुर्बल कुटुंबांना जोते, पाणी आणि शौचालय यांसह घराचा गाभा दिला आणि पुढील खोल्या ऐपतीप्रमाणे वाढविण्याची मुभा ठेवली. २०१८ साली त्यांना वास्तुकलेचा जागतिक प्रित्झकर सन्मान लाभला. दोघांचीही शिकवण एकच आहे : आधी माणूस पाहावा, मग कागद घ्यावा. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम केवळ ऐकावे. विश्वस्तांचे म्हणणे तर ऐकावेच. परंतु भोजनशाळेत पाणी गाळणाऱ्या भगिनी, झाडलोट करणारा सेवक, पुजारी, वसतिगृहातील मुले यांचे अगोदर ऐकावे.

जैन वास्तूंच्या बाबतीत तर हा विचार धर्माचरणाशीच जोडलेला आहे. साधु-साध्वी चातुर्मासासाठी येतात, तेव्हा अनेक परंपरांत ते पंखा वा विजेचा दिवा वापरत नाहीत. म्हणजे उपाश्रय किंवा त्यागी निवास हा विजेवाचून चालला पाहिजे. समोरासमोर खिडक्या, उंच छत, पश्चिमेकडे सावली, स्वाध्यायापुरता नैसर्गिक उजेड ही तेथे चैन नसून आवश्यकता आहे. ते अनवाणी विहार करतात; मग अंगणात तापणारी चकचकीत फरशी कशासाठी? सूर्यास्तापूर्वी भोजन होते. मग भोजनशाळेला सायंकाळचा प्रकाश मिळेल अशी दिशा का नसावी? अपरिग्रह केवळ तिजोरीपुरता नाही. वर्षातून चार दिवस लागणारे भव्य सभागृह बांधून उरलेले दिवस त्याला कुलूप लावणे, हाही परिग्रहच होय. प्रत्येक पोते सिमेंट आणि प्रत्येक ब्रास खडी यांमागे खाण, इंधन आणि जीवहिंसा आहे, हे ध्यानी ठेवले की मोजके बांधणे हेच अहिंसेचे आचरण ठरते.

पाण्याचा हिशेब तर या जिल्ह्यात टाळताच येत नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर १६१३ साली बांध घालून त्याच्या पोटातच पाणीमहाल रचला गेला. बांधही झाला आणि वास्तूही झाली. आज पाच हजार चौरस फुटांच्या धर्मशाळेचे छत घ्या. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी सुमारे दोन लाख साठ हजार लिटर पाणी त्या एकाच छतावरून मिळते. जे शासन थेंबभर पाणीही गाळून घ्यावयास शिकवते, त्याच्या अनुयायांनी एवढे जल गटारात जाऊ द्यावे काय?

शेवटी, ज्या प्रश्नापाशी बहुतेक न्यास आज उभे आहेत, तो प्रश्न. जुनी दगडी धर्मशाळा पाडावी की राखावी? भावनेने वा घाईने याचे उत्तर देऊ नये. प्रथम अनुभवी संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी व्हावी. भिंतींना आरपार दगड घालणे, छताखाली सलग पट्टा बांधणे, माळवदाचे अनावश्यक ओझे उतरविणे, हे उपाय याच भागात सहस्रावधी घरांवर योजले गेले आहेत. तेवढ्याने वास्तू सुरक्षित होत असेल तर ती राखावी. होत नसेल, तर नि:संकोच उतरवावी; माणसाच्या प्राणाहून कोणताही दगड पूज्य नाही. मात्र उतरविताना तिचा दगड, तिचे सागवान आणि तिचा चौक नव्या वास्तूत सामावून घ्यावा.

कुंथलगिरी हे सिद्धक्षेत्र याच जिल्ह्यात आहे. १९५५ साली चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागरजी महाराजांनी तेथे सल्लेखनापूर्वक देह ठेवला. ज्यांनी अंगावरचे वस्त्रही ओझे मानले, त्यांच्या पावलांनी पुनीत झालेल्या भूमीत वास्तू उभारताना माथ्यावर किती भार घ्यावयाचा, हा विवेक समाजाने जपावा. विश्वस्तांनी पुढील बांधकामाचा ठराव करण्यापूर्वी वास्तुशास्त्राच्या एखाद्या विद्यार्थ्याला महिनाभर धर्मशाळेत मुक्कामास ठेवावे आणि त्याची टिपणे सर्वसाधारण सभेपुढे वाचावीत. खर्च अल्प आहे. त्यातून वाचणारे धन, पाणी आणि प्राण यांचे मोल फार मोठे आहे.

॥ जय जिनेंद्र ॥