दुष्काळ आणि कामाचा हक्क



दुष्काळ म्हणजे काय, हे धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला प्राध्यापक लागत नाही. बालाघाटाच्या ह्या मुलखात पाऊस पाहुण्यासारखा येतो. कधी मुक्काम करतो, कधी उंबऱ्यावरूनच माघारी जातो. तेव्हा पाऊस का पडत नाही, हा आजचा विषय नाही. पाऊस पडला नाही तरी माणूस उपाशी राहू नये, यासाठी सरकारने काय तजवीज करावी, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

धान्य पिकलं नाही म्हणून माणसं मरतात, असे आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून गेली. त्या वर्षीचे भाताचे पीक १९४१ पेक्षा कमी नव्हते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली आपल्या ग्रंथात मांडले. तांदूळ होता, पण तो विकत घेण्याइतका पैसा मजुराच्या गाठीला नव्हता. आपल्याकडेही पाऊस गेला की खुरपणी नाही, काढणी नाही, म्हणजे मजुरीही नाही. शेतमजुराची चूल विझते ती अशी.

हे इंग्रज सरकारलाही ठाऊक होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर त्याने नियमावल्या केल्या : काम काढावे, मजुरी द्यावी, ज्याला काम झेपत नाही त्याला फुकट अन्न द्यावे. नियम चांगले होते. पण दुष्काळ पडला की नाही, हे ठरवणार साहेब! रयतेला काही मागण्याचा हक्क नव्हता. म्हणून नियम असूनही १८९६ ते १९०० च्या दुष्काळांत माणसे मेलीच.

आता १९७२ पाहा. बहात्तरचा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी अंगावर काढलेला आहे. सुकडी आणि लाल मिलो ज्वारी त्यांच्या अजून लक्षात आहे. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी. त्यांपैकी जवळजवळ ५० लाख माणसे मे १९७३ मध्ये सरकारी कामांवर होती. म्हणजे दर दहांत एक! कोणी खडी फोडली, कोणी पाझर तलावाची माती वाहिली. मजुरी थोडी होती, हाल फार झाले. पण बंगालसारखा संहार झाला नाही.

ह्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूर भागात तिचा प्रयोग करून पाहिला होता. १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, पंधरा दिवसांत काम, नाही तर भत्ता. बाई असो वा पुरुष, दर एकच. साहेबाची मर्जी गेली, माणसाचा हक्क आला. पुढे २००५ साली सबंध देशासाठी असा कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. आणि गुरुजी, आपल्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली ह्याच हमीच्या खर्चासाठी बसवला, बरं का!

हमीने सगळे भागले, असे मी म्हणत नाही. मजुरी उशिरा मिळाली, रस्ते पुढच्या पावसात वाहून गेले, ह्या तक्रारी खऱ्याच आहेत. शिवाय दुष्काळाचे रूपही पालटले. जुनी माणसे सांगतात, बहात्तरला विहिरीत पाणी होतं, कणगीत दाणा नव्हता. २०१३ आणि २०१६ ला दुकानात दाणा होता, विहिरीत पाणी नव्हतं. तेव्हा टँकर आणि चारा छावण्या लागल्या. पाणी मुरवणारी कामे सुकाळातच झाली पाहिजेत, हा त्याचा धडा.

कायद्याची नावे बदलतील, कलमे बदलतील. पण हक्क मागितल्याशिवाय पदरात पडत नाही, हे बदलणार नाही. तोंडी मागणी वाऱ्यावर जाते. ती कागदावर करावी आणि तारखेची पोच घ्यावी. पुष्कळांना अर्ज लिहिता येत नाही. तिथे शिक्षकांनी हात द्यावा. गावातली टंचाई तहसीलच्या आधी आपल्या हजेरीपटावर दिसते. दसऱ्यानंतर पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला निघाली, आणि दर सालापेक्षा जास्त निघाली, की समजावे, गावात काम उरले नाही. तेव्हाच ग्रामसभेत ती गोष्ट मांडावी. जनावरे बाजाराला निघाल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

पाऊस आपल्या हाती नाही. अर्ज मात्र आहे.