सटवाईचें लिखाण कोणाच्या हातचें?

(बुलढाणे जिल्ह्यांतील एका वस्तीवर मायबहिणींच्या सभेंत केलेलें भाषण)

मायबहिणींनो, आणि मागें उभे राहिलेल्या पुरुष मंडळींनो,

पांचवी-सहावीच्या रात्रीं सटवाई येऊन बाळाचें कपाळ लिहिते, असें आपण मानीत आलों. आठवड्याच्या आंत लेकरूं आंकडी येऊन दगावलें, कीं सटवाईनें नेलें म्हणून गप्प बसत आलों. त्यांतल्या कित्येक लेकरांना धनुर्वात झालेला असे. नाळ विळ्यानें कापीत, वर राख नि शेण लावीत. तेथून रोग शिरे. आईला लस टोंचूं लागले, नाळेला स्वच्छ पातें आलें. 2015 सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितलें कीं, भारतानें हा रोग जवळजवळ हटविला. सटवाई तीच, कपाळ तेंच. मग लिखाण कोणी बदललें?

यांत सुइणीला हंसण्याचें कारण नाहीं. युरोपांत व्हिएन्ना शहरीं एका मोठ्या इस्पितळांत 1846 सालीं विद्वान डॉक्टरांच्या हातून शंभरांत अकरा बाळंतिणी मरत. शेजारीं सुइणींच्या विभागांत पुष्कळ कमी. डॉक्टर प्रेतें चिरून तेच हात घेऊन येत! सेमेलवाइस नांवाच्या डॉक्टरानें 1847 त औषधी पाण्यानें हात धुवावयास लावले. पुढच्याच सालीं मरणें शेंकडा दीडाच्या आंत आलीं. शिकलेला कोण नि अडाणी कोण हा प्रश्नच नव्हे. हात कोणाचे स्वच्छ, हा प्रश्न.

आज बहुतेक बाळंतपणें दवाखान्यांत होतात. पण दवाखाना दोन-तीन दिवसांचा, नऊ महिने घरचे. 2019-21 च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतल्या निम्म्याहून अधिक बायांच्या अंगांत रक्त कमी आढळलें. अशी बाई बाळंतपणांत रक्त गेलें कीं सांवरत नाहीं. दोन जिवांची बाई सोयाबीन सोंगते, पाणी वाहते, आणि सगळ्यांचें झाल्यावर तळाचें खाते. हें सटवाईनें लिहिलेलें नाहीं, आपण लिहिलें आहे. गिरणींतल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळावी म्हणून डॉ. आंबेडकर 1928 सालीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत बोलले, 1929 त कायदा झाला. आपल्या शेतांतल्या बाईची रजा मात्र घरानेंच द्यावयाची आहे.

म्हणून इतकें करा. दिवस राहिल्याचें कळतांच आशाताईकडे नांव घाला. निदान चार तपासण्या करा, लोहाच्या गोळ्या रोज घ्या, लस चुकवूं नका. रक्त जाऊं लागलें, तोंडावर सूज आली, डोकें फार दुखून डोळ्यांपुढें अंधारी आली, बाळाचें हालणें मंदावलें, तर मुहूर्त न पाहतां 102 किंवा 108 ला फोन करा. पहिला चीक फेंकूं नका. गाईचा चीक वासराला पाजतां, मग आपल्याच लेकराला तो वर्ज्य कां?

सिंदखेडराजा आपल्याच जिल्ह्यांतला. 12 जानेवारीस जिजाऊंच्या जन्मस्थानीं आपण माथा टेकतों. त्याच हातांनीं घरच्या दोन जिवांच्या सुनेला पहिलें ताट वाढा. दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत अशा बायांची मोफत तपासणी असते. या खेपेस सुनेला एकटी पाठवूं नका. सासूनें सोबत जावें, आणि त्या दिवसाची मजुरी बुडाली तर नवऱ्यानें कुरकुर करूं नये.