मीठ आणि ढाल
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला माझ्या श्रद्धेविषयी बोलायला सांगितलं. आपल्या वर्गात वारली, मांगेला, गुजराती, मुसलमान आणि माझ्यासारखी ख्रिस्ती मुलं एकत्र शिकली. त्यामुळे मी उपदेश करणार नाही. जे घडलं तेवढंच सांगते.

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, ते दिवस तुम्हाला आठवत असतील. धुंदलवाडीच्या बाजूला लोक थंडीत तंबूत झोपत होते. मी पुण्यात, आई इकडे एकटी. रोज फोनवर मी म्हणायची, "देव तुझं रक्षण करो." एकदा आई म्हणाली, "अगं, जमीन हलायची थांबव असं मी मागत नाही. भीतीनं माझं दार कुणाला बंद होऊ नये, एवढंच मागते." तेव्हा शेजारच्या दोन घरांतली मुलं तिच्याजवळ अंगणात झोपत होती.

त्याच हिवाळ्यात माझीही परीक्षा झाली. एका प्रणालीची चाचणी अपुरी होती आणि ती ग्राहकाला द्यायची तारीख जवळ आली होती. 'चाचणी पूर्ण' असं लिहून सही कर, असं मला सांगण्यात आलं. घराचा हप्ता चालू होता. रात्रभर झोप नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पौल विश्वासाला ढाल म्हणतो, हे मला लहानपणापासून पाठ होतं. त्या रात्री पुन्हा वाचलं, तर ढालीच्या आधी, अगदी पहिल्यांदा येतं ते कमरेला बांधायचं सत्य. मी सही केली नाही. त्या वर्षी बढती गेली. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण काही महिन्यांनी टीममधली एक नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, मलाही तसंच लिहायला सांगितलं होतं. तुम्हाला पाहिलं होतं, म्हणून नाही म्हणू शकले."

येशूनं शिष्यांना मिठाची उपमा दिली. डहाणूच्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना ती समजवावी लागत नाही. मीठ चव आणतं आणि मासळी नासूही देत नाही. मात्र बरणीत राहून ते काहीच करत नाही. त्याला मुरावं लागतं. आपल्या डहाणूतच ब्रेदरन मिशनच्या डॉ. बार्बरा निकी यांनी आजारी माणसांची सेवा केली. आणि हे मीठ फक्त चर्चमध्येच मिळतं असंही नाही. १९५७ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपलं काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात गेली. त्यांना मी माझ्या श्रद्धेच्या गुरू मानते.

शेवटी एक आठवण. सातवीत बेरीज चुकून मला चार गुण जास्त मिळाले होते. घाबरत घाबरत मी ते सांगितलं. बाईंनी गुण कापले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात. सही न करता परत दिलेल्या त्या कागदाच्या वेळी तुमचा हात माझ्या पाठीवर होता. तुम्हाला नमस्कार.