पहिल्या पाळीची आई, तिसऱ्या पाळीचा बाप

(३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या जयंतीनिमित्त चिखलीत महिला मेळावा झाला. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी काम करणाऱ्या मैत्रिणीने तिथे केलेलं हे भाषण. तिच्या सांगण्यावरून नाव दिलेलं नाही. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक)

मैत्रिणींनो,

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मी काय बोलणार? मी मोर्च्याला येते, मागे उभी राहते, घोषणा देते. तर ताई म्हणाल्या, तुझं मूल आणि तुझी नोकरी याबद्दल सांग. म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे, ते तर सगळ्यांचंच आहे. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं आहे म्हणूनच कुणी सांगत नाही. तर जसं सुचेल तसं सांगते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मूळची औसा तालुक्यातली, लातूर जिल्हा. आयटीआय केलं आणि लग्न होऊन इकडे आले. चाकणला आमच्या कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगचं काम होतं. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो, त्याला हार्नेस म्हणतात. मोठ्या फळीवर खुंट्या असतात, त्यावरून वायरी ओढायच्या, टेप गुंडाळायची, कनेक्टर खट् वाजेपर्यंत दाबायचा. सगळं उभ्यानं. आमच्या लाइनवर बहुतेक बायकाच आहेत. का, तर बायकांची बोटं बारीक असतात म्हणे. भांडी घासून घासून बोटं बारीक होतात हे मला माहीत नव्हतं.

कामाला मी सात महिन्यांच्या ठेक्यावर होते. सात महिने झाले की ब्रेक, मग पुन्हा नवा ठेका. तुमच्यातल्या निम्म्या जणींना हे वेगळं सांगायला नको. २०२३ च्या मे महिन्यात माझा नवा ठेका सुरू झाला आणि डिसेंबरात संपला. तेव्हा मला सहावा महिना होता. आधी दोनदा ब्रेकनंतर परत बोलावलं होतं, या वेळी बोलावलं नाही. काढलं असं कुणी म्हटलं नाही. गेटवर कार्ड चाललं नाही, एवढंच. कायद्यानं गरोदर बाईला त्या कारणासाठी कामावरून काढता येत नाही, हे मला नंतर कळलं. पण ठेका संपणं म्हणजे काढणं नव्हे, हे कंत्राटदाराला आधीपासून माहीत होतं.

मुलगी झाली मार्चमध्ये, माहेरी. तिथे सव्वा महिना शेक-शेगडी, धुरी, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू सगळं झालं. माझ्या आईला वाटायचं, लेक शहरात आहे, सुखात आहे. बारसं झालं आणि तीन महिन्यांची पोर घेऊन मी चिखलीला आले. इथे दोन खोल्या, वर पत्रा. सोबत सासूबाई होत्या. नळाला पाणी दिवसाआड. आपल्या पिंपरी-चिंचवडला २०१९ च्या नोव्हेंबरात दिवसाआड पाणी झालं, ते तेव्हाही तसंच होतं. तान्ह्या पोरीची दुपटी दिवसाआड भिजत नाहीत, ती दर तासाला भिजतात. पाण्याच्या दिवशी सगळे ड्रम, बादल्या, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपटी धुवायची की पोरीला न्हाऊ घालायचं याचा हिशेब करत बसायचं. शाळेत मला गणितात बरे मार्क होते, ते इथे उपयोगी पडले.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगते. मी ती नवऱ्यालाही पुष्कळ दिवस सांगितली नव्हती. रात्री दोन वाजता पोरगी रडत होती. नवरा रात्रपाळीला. सासूबाई थकून झोपलेल्या. बाहेर ट्रक चालले होते. मी तिला पाजलं, थोपटलं, फिरवलं, तरी रडं थांबेना. तेव्हा मी तिला गादीवर ठेवलं आणि दाराबाहेर जाऊन कडी लावली. पाच मिनिटं असेन, दहाही असतील. तिच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मला वाटत होतं, ही माझी नाही. मग आत गेले. तिला घेतलं आणि मीच रडले. मला वाटलं, मी वाईट आई आहे. नंतर आमच्या आशाताईंशी बोलताना कळलं की असं पुष्कळ जणींना होतं आणि फार दिवस तसं वाटत राहिलं तर डॉक्टरांना दाखवायचं असतं, ते आजारपण आहे, पाप नाही. आपल्याकडे बाळंतिणीला वातूळ खाऊ नको हे दहा जणी सांगतात. तुला झोप लागते का, मनाला कसं वाटतं, हे कुणी विचारत नाही.

आता पैशाचं सांगते, कारण ते तुमच्या उपयोगाचं आहे. पोरगी चार महिन्यांची झाली होती. बसमध्ये माझ्या शेजारी बसायची त्या बाईचा फोन आला. तिनं विचारलं, ‘तुझ्या पगारातून ईएसआय कापत होते ना? मग बाळंतपणाचे पैसे घेतले का?’ मला वाटायचं, ते परमनंट बायकांचं असतं. तसं नाही. ईएसआयमध्ये त्याआधीच्या दोन सहामाहींत मिळून सत्तर दिवसांचे हप्ते भरलेले असले की बाळंतपणाचे पैसे मिळायचे, २६ आठवड्यांचे. २०१७ पर्यंत १२ आठवड्यांचे होते. माझे मे ते डिसेंबर हप्ते कापले होते, म्हणजे सत्तर दिवस कधीच होऊन गेले होते. ठेका संपला तरी भरलेले हप्ते बुडत नाहीत. कंत्राटदारानं कागदात माझं आडनाव चुकीचं घातलं होतं, त्यापायी चार हेलपाटे झाले. पैसे हातात आले तेव्हा पोरगी सात महिन्यांची होती. पण आले. आपले पैसे होते आणि एका बाईनं फोन केला नसता तर गेले असते.

हे कायदे कुठून आले? मला वाटायचं, सरकारला दया आली असेल. अभ्यासवर्गात ऐकलं तेव्हा कळलं की याची सुरुवात मुंबईच्या गिरण्यांतून आहे. गिरणीत बाया दहा-दहा तास काम करायच्या आणि घरी तान्हं मूल झोपून राहावं म्हणून त्याला अफूची बाळगोळी द्यायच्या. १९२० च्या आसपास सरकारी लेडी डॉक्टरनं चाळींत फिरून हे लिहून ठेवलेलं आहे. वाचताना अंगावर काटा येतो. पण मग मला आमच्या गल्लीतली पाच-सहा महिन्यांची पोरं आठवली, ज्यांच्यासमोर मोबाइल टेकवून ठेवलेला असतो. त्या आयांना नावं ठेवू नका, मीही तेच केलंय. अफू आणि मोबाइल एक नव्हे, पण बाईची अडचण तीच आहे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूनं बोलले. त्यांचं म्हणणं असं होतं की बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा खर्च मुख्यतः सरकारनं उचलायला हवा. सरकार उचलत नाही तोवर मालकानं द्यावा, कारण बाईच्या श्रमावर नफा तो कमावतो. १९२९ मध्ये तो कायदा झाला. त्यानंतरच्या काळात गिरण्यांतल्या बाया कमी होत गेल्या. त्याची कारणं बरीच आहेत, पण मालकांच्या तोंडी हाही खर्च होताच.

मला हे अगदी आजचं वाटतं. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती झाली, रजा २६ आठवडे झाली. चांगलंच झालं. पण जिथे ईएसआय लागू नाही तिथे तो सगळा पगार मालकाच्या खिशातून. मग इंटरव्ह्यूला पहिला प्रश्न काय? लग्न झालंय का, मूल आहे का, अजून व्हायचंय का. माझ्या नवऱ्याला हे आजवर एकदाही विचारलेलं नाही.

पोरगी सहा महिन्यांची झाली आणि मी दुसऱ्या कंत्राटदाराकडून त्याच पट्ट्यात कामाला लागले. पहिली पाळी. पहाटे साडेपाचला बस. तळवडे चौक आणि पुढचा म्हाळुंग्याचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. जाताना तास, येताना दीड. सासूबाई सोयाबीन काढणीला गावी गेल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ते सोयाबीन विकूनच घर चालतं.

मग मूल कोण सांभाळणार? नवरा भोसरीत एका वर्कशॉपमध्ये आहे. त्यानं कायमची रात्रपाळी मागून घेतली. तो सकाळी घरी येईपर्यंत शेजारच्या मावशी पोरीजवळ बसायच्या. मग दुपारी चारपर्यंत पोरगी बापाकडे. मी आले की तो झोपणार. त्याची सुट्टी गुरुवारी, कारण भोसरीच्या वर्कशॉपांत अजून गुरुवार आहे. माझी सुट्टी रविवारी. म्हणजे आम्ही नवरा-बायको एकमेकांना दारात भेटायचो, मध्ये पोरगी असायची. ‘दूध पिली का? शी झाली का?’ एवढंच बोलणं. तो पोरीला पोटावर घेऊन झोपायचा. गल्लीतले पुरुष त्याला हसायचे, बायकोनं घरी बसवला म्हणायचे. रात्रभर मशिनवर उभा राहिलेला माणूस घरी बसलेला कसा, हे मला अजून कळलेलं नाही. आणि बायका मला म्हणायच्या, नशीबवान आहेस हं, नवरा सांभाळतो. त्यालाही त्यात अभिमान वाटायला लागला होता, तेव्हा मी एकदा भांडले. म्हटलं, मी सांभाळते तेव्हा तुला कुणी नशीबवान म्हणतं का? त्यावर तो गप्प बसला. तसा तो समजूतदार आहे. पण त्यालाही हक्काची रजा कुठे होती? केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १९९७ पासून १५ दिवसांची रजा मिळते. वर्कशॉपवाल्याला कायद्यानं एक दिवससुद्धा नाही. पोरगी झाली तेव्हा तो दोन दिवस बिनपगारी आला होता.

आणि माझं दूध. हे बोलू की नको असं वाटत होतं, पण इथे सगळ्या बायकाच आहोत. कायदा म्हणतो, मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला पाजण्यासाठी दोन वेळा जादा सुट्टी द्यायची. छान आहे. पण मूल चिखलीत आणि मी चाकणात. दहा वाजले की लाइनवर उभ्या उभ्या छाती दुखायला लागायची, ब्लाउज भिजायचा. वरून एप्रन असायचा म्हणून झाकलं जायचं. मग सुपरवायझरला विचारून संडासात जायचं, हातानं पिळायचं आणि बेसिनमध्ये सोडून द्यायचं. पाण्याबरोबर जाताना बघायचं. घरी त्याच वेळी पोरगी पावडरचं दूध पीत होती. टार्गेट चुकतं म्हणून मी जाणंही कमी केलं, तसं दीड महिन्यात दूध आटलं. हे कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलं जात नाही.

कारखान्यात पाळणाघर असतं तर? कायद्यात आहे. पूर्वी कारखाना कायद्यात बायका मोजायचे, आधी पन्नासहून जास्त, पुढे तीसहून जास्त बायका असल्या तर पाळणाघर. मालक काय करणार? बायकाच कमी घेणार. २०१७ च्या दुरुस्तीनं बायका मोजणं बंद केलं, पन्नास कामगार असले, पुरुष धरून, तरी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मूल बापाचंही आहे हे पहिल्यांदा आकड्यात आलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, जुना कायदा तिच्यात गेला, पण २६ आठवडे, पाजायची सुट्टी, पाळणाघर हे सगळं तिच्यातही आहे. मग आमच्याकडे का नाही? मी विचारलं. कंपनी म्हणाली, तुम्ही कंत्राटदाराच्या. कंत्राटदार म्हणाला, माझी जागा कुठे आहे, जागा कंपनीची. दोघं खरं बोलत होते.

मला वाटतं, कारखान्यातलं पाळणाघर मागताना आपण वस्तीतलंही मागायला हवं. सहा महिन्यांच्या पोरीला पहाटे साडेपाचच्या बसमध्ये तळवड्याच्या धुरातून न्यायचं का, हाही प्रश्न आहे. दिल्लीत १९६९ साली मीरा महादेवन यांनी बांधकामाच्या जागेवरच तंबू घालून मजुरांच्या मुलांचं पाळणाघर सुरू केलं होतं, म्हणजे जागा नाही ही सबब खरी नाही. अंगणवाडीत आमच्या पोरीला खाऊची पाकिटं मिळतात, त्याबद्दल तक्रार नाही, पण अंगणवाडी आमच्या पाळीच्या वेळात चालत नाही. २०२२ पासून केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर. आमच्या वस्तीत ते आलेलं नाही.

आता पोरगी मावशींकडेच असते, पूर्ण दिवस. येत्या मार्चमध्ये दोन वर्षांची होईल. मावशींकडे अशी सात मुलं आहेत, एका खोलीत. आम्ही प्रत्येकी जे देतो ते आम्हाला जड जातं आणि त्यांना पुरत नाही. त्यांना ना ईएसआय, ना सुट्टी. मागच्या महिन्यात त्या तापानं पडल्या तर सात घरांतल्या सात बायकांचा खाडा झाला. सातातला एकही बाप घरी राहिला नाही, आमच्याकडचा धरून. त्या दिवशी त्याचा गुरुवार नव्हता.

तर दोन कामं आहेत. ज्यांच्या पगारातून ईएसआय कापतात त्यांनी आपली स्लिप आणि नंबर घेऊन पुढच्या रविवारी इथेच या, आडनाव बरोबर आहे का ते आपण बघू. कुणी पोटुशी असेल तर तिला नक्की आणा. आणि आपापल्या गल्लीत तीन वर्षांच्या आतली किती मुलं आहेत आणि ती दिवसा कुणाकडे असतात, एवढं वहीत लिहून आणा. महापालिकेत जाताना हातात आकडा लागतो.

मावशींकडून सहाला पोरीला न्यायचं असतं. पावणेसहा झालेत, मी निघते.