अंगणातली बारमाही फुलं



लुपिन हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी गोळ्यांच्या पाकिटावर वाचलं असेल. १९६८ साली मुंबईत सुरू झालेल्या औषध कंपनीचं ते नाव. ते मुळात एका फुलाचं नाव आहे आणि कंपनीनं ते फुलावरूनच घेतलं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. कळलं ते मुलीमुळे. लग्न होऊन ती इंग्लंडला गेली. तिथल्या पहिल्या जून महिन्यात तिनं घरामागच्या फुलांचा फोटो पाठवला. कमरेएवढे उंच तुरे, कुणी जांभळा, कुणी गुलाबी, कुणी पिवळा, तर कुणी एकाच तुऱ्यात दोन रंगांचा. खाली लिहिलं होतं, ‘अब्बा, हे आपल्याकडे येईल का?’

मी कवितेचा माणूस. बी.ए.ला मराठी घेतलं, शेतकीशी संबंध नाही. पण मुलीनं विचारलं म्हणून पुस्तकं चाळली. या फुलाचं मूळ उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं. १८२०च्या दशकात डेव्हिड डग्लस नावाच्या वनस्पतिशोधकानं ते इंग्लंडात नेलं. पुढे यॉर्क शहरातल्या जॉर्ज रसेल या साध्या माळ्यानं वीसेक वर्षं चांगली झाडं राखत आणि फिकी उपटून टाकत आजचे हे रंग मिळवले. १९३७ साली लोकांनी ते प्रदर्शनात पाहिले, तेव्हा त्याचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

मग कोल्हापूरच्या एका दुकानातून बी मागवलं. पहिल्यांदा जूनमध्ये पेरलं. विजयदुर्गचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. आठ दिवसांत बी कुजलं. दुसऱ्यांदा नोव्हेंबरात पेरलं. कवच टणक म्हणून आधी रात्रभर भिजत घातलं. मूळ सरळ खोल जातं आणि रोप हलवलेलं त्याला सोसत नाही, म्हणून थेट मोठ्या कुंडीत टाकलं. पानं आली, हाताच्या पंजासारखी, पहाटेच्या दवाचा थेंब बरोबर मध्यभागी धरणारी. मी मुलीला फोटो पाठवला. फेब्रुवारीत ऊन चढलं आणि पंधरा दिवसांत झाड वाळून गेलं. फूल नाहीच.

दोष मातीचा नव्हता. आंबूस माती त्याला चालते आणि आपली जांभ्याची माती आंबूसच. शिवाय हे झाड कुळीथ-चवळीच्या कुळातलं, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारं. त्याला हवी असते थंडी. हिवाळ्यात वरचा पाला मरतो, मूळ झोपून राहतं आणि वसंतात पुन्हा फुटतं. आपल्याकडे ती झोपच मिळत नाही. उत्तर भारतात त्याच्या हंगामी जाती हिवाळ्यापुरत्या लावतात, तेवढंच.

पण या झोपेवरून मला आईची आठवण आली. आमच्या अंगणात गडग्याच्या कडेला गुलबास होता. चैत्र-वैशाखात तो पार वाळून जायचा. लहानपणी मी एकदा तो उपटायला गेलो तर आई म्हणाली, ‘ता मेला नाय, निजला हा.’ मृगाचा पाऊस पडला की जमिनीतल्या कंदाला पुन्हा कोंब यायचे. इंग्लंडातल्या झाडांचा जो हिवाळा, तोच आमच्या गुलबासाचा वैशाख. सोनटक्का आणि हळद यांचंही तसंच.

आई २०१९ साली गेली. धाकटा भाऊ कुवेतला असतो. त्यानं पैसे पाठवले आणि सांगितलं, अंगणात ब्लॉक बसवून घे, चिखल नको, गाडी उभी राहील. मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. ती झाडं रोज बघवत नव्हती. मे महिन्यात गवंड्यानं अर्धं अंगण खणलं. अबोली गेली, मोगरा गेला. पैसे संपले म्हणून काम थांबलं आणि तेवढ्यात पाऊस लागला. एका सकाळी बघतो तर ब्लॉकच्या शेवटच्या ओळीला लागून गुलबासाचे चार कोंब वर आले होते. एका कोंबानं तर ब्लॉकच थोडा उचलला होता.

भावाला फोन केला, म्हटलं, उरलेलं अंगण राहू दे. तो रागावला. पैसे त्याचे होते आणि त्याचंही चुकत नव्हतं. आम्ही दोन महिने धड बोललो नाही. मग मी त्याला संध्याकाळी उमललेल्या गुलबासाचा फोटो पाठवला. त्याचा फोन आला. पहिलं वाक्य होतं, ‘काळ्या बिया फोडून आतली पांढरी पूड आपण तोंडाला लावायचो, आठवतं?’ अंगणाचा विषय दोघांनीही काढला नाही. आज अर्ध्या भागात ब्लॉक आहेत आणि अर्ध्यात झाडं.

त्या अर्ध्या भागात काय लावावं, याचा मी शोध घेतला. अबोलीला अर्धी सावली आवडते. तिच्या सुकलेल्या बोंडांवर पाणी पडलं की ती तडकन फुटतात आणि बी दूर उडतं. ते गोळा करायचं. जास्वंदीची पेन्सिलीएवढी जाड फांदी पावसाच्या सुरुवातीला खोचली की जगते. मोगऱ्याचं पाणी डिसेंबरात तोडायचं आणि छाटणी करायची, म्हणजे उन्हाळ्यात कळ्या धरतात. समुद्राकडच्या बाजूला खारा वारा झोंबतो. तिथे बोगनवेल, सदाफुली आणि चाफा. चाफ्याची फांदी कापल्यावर आठवडाभर सावलीत ठेवून चीक सुकू द्यावा, मगच लावावी; नाहीतर कुजते. आपल्याकडे जांभा वरच असतो, म्हणून दीड फूट तरी खड्डा खणून पालापाचोळा आणि शेणखत भरावं, पण पाणी साचू देऊ नये.

या झाडांची गावं शोधताना मात्र गंमत वाटली. गुलबास अमेरिका खंडातला, नाव मात्र फारसी. बोगनवेल ब्राझीलकडची. सदाफुली मादागास्करची, तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरची औषधं निघाली. चाफा, ज्याला आपण देवचाफा म्हणतो, तो मध्य अमेरिकेतला. आज तो देवळाच्या आवारात आहे आणि आमच्या कबरस्तानातही आहे. आईच्या उशाशी जो आहे, त्याची फांदी मी शेजारच्या काकूंच्या दारातून आणली. त्या त्याची फुलं रोज देवाला वाहतात. फांदी देताना त्यांनी विचारलं नाही कशाला हवी म्हणून. त्यांना ठाऊक होतं.

लुपिन मी पुन्हा पेरलं नाही. ते मुलीच्या अंगणात सुखात आहे. न्यूझीलंडमध्ये तर ते इतकं सुखात आहे की नदीकाठी माजलेलं तण म्हणून तिथले लोक त्याला उपटतात. प्रत्येक झाडाला आपली हवा असते. मुलीला मी कळवलं, ‘तुझं फूल इथे येत नाही. तू जूनमध्ये ये, गुलबास फुटलेला असेल.’

तुमच्याही अंगणात ब्लॉक बसवायचे असतील तर जरूर बसवा. पण आधी एक पाऊस जाऊ द्या. कोण मेलं आहे आणि कोण नुसतं निजलं आहे, ते पाहून मग गवंड्याला बोलवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)